चादरीखालची खुर्ची

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला लाकडी महिरपींवर लिहायला सांगितलं होतं. त्यांच्या मावशीकडे त्यांनी माझा देव्हारा पाहिला, महिरप आवडली आणि थेट फोनच केला. मी लगेच हो म्हणालो. मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, इतका आनंद झाला की तिनं लगोलग बहिणीला कळवलं. मी लिहायला बसलो, दोन पानं लिहिली आणि पेन खाली ठेवलं. लिहिलेलं सगळं खरं होतं, पण निवृत्तीनंतर माझ्या हातून ज्या वस्तू सगळ्यात जास्त झाल्या त्यांचं त्यात नावसुद्धा नव्हतं. मी खुर्च्या करतो. बैठकीला मधोमध भोक असलेल्या.

ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांना हे सांगावं लागेल. आपल्याकडे अजून कितीतरी घरांत संडास देशी आहेत. वय झालं की खाली बसता येत नाही, बसलं तर उठता येत नाही. मग संडासात, भांड्याच्या बरोबर वर, अशी खुर्ची ठेवायची. औषधांच्या दुकानात ॲल्युमिनियमच्या तयार मिळतात, पण त्या सगळ्या एका मापाच्या. आपले संडास अरुंद. कुठे दार आत उघडतं, कुठे नळ मध्येच येतो. तयार खुर्ची आत शिरली तर बसणारं माणूस शिरत नाही. म्हणून लोक माझ्याकडे येतात. मी जागेचं माप घेतो, माणसाच्या गुडघ्याचं माप घेतो आणि दोन्हींना जमेल अशी खुर्ची करून देतो.

हे मी इथे जितक्या सहज लिहिलं तितक्या सहज कधी कुणाला सांगितलेलं नाही. जुने दोस्त भेटले, विचारलं, "काय चाललंय सध्या?" की मी सांगतो, "देव्हारे करतो." खोटं नसतं ते. पण ते म्हणताना कानाच्या पाळ्या गरम होतात.

नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात मी पॅटर्नमेकर होतो. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडाचा करावा लागतो. तो वाळूत दाबून काढला की साचा तयार होतो आणि त्यात रस ओततात. थंड होताना धातू आक्रसतो, म्हणून लाकूड मुळातच जरा मोठं करायचं. किती मोठं, हे अंगात मुरावं लागतं. सरळ रेषा कुणीही कापतो, आमचा कस लागायचा तो वळणाला. माझी वळणं कारखान्यात नावाजलेली होती, पण ती बघायची वाळू आणि फोरमन. म्हणून निवृत्त झाल्यावर सिडकोतल्या घरामागे पत्र्याची शेड टाकली आणि महिरपी कापायला लागलो, तेव्हा पहिल्यांदा माझं वळण चारचौघांच्या नजरेला आलं. लोक देवाला हात जोडायचे आणि मग मान वर करून महिरप बघायचे. सुख वाटायचं.

हत्यारं म्हणाल तर फार नाहीत. एक जिगसॉ, म्हणजे हातात धरायची विजेची करवत. तिचं पातं बोटाएवढं अरुंद असतं, म्हणून ते वळतं. एक ड्रिल, दोनचार क्लॅम्प, अर्धगोल कानस आणि पॉलिश पेपर. एवढ्यात काय वाटेल ते वळण निघतं, फक्त घाई करायची नाही. मशीन दाबलं की पातं वरून रेषेवर चालतं आणि खालून तिरकं पळतं. वरून बघणाऱ्याला काम झकास वाटतं, पण उलटं केलं की लाज जाते.

खुर्च्यांचा धंदा सुरू झाला तो एका हेडमास्तरांमुळे. निवृत्त, सडपातळ, उन्हातसुद्धा कोट घालून आलेले. बराच वेळ महिरपींबद्दल बोलले. मग म्हणाले, "एक स्टँड करून द्याल का? कुंडी ठेवायला. मधोमध गोल भोक पाहिजे, म्हणजे कुंडी त्यात बसेल."

"देऊ की. कुंडी केवढी आहे?"

त्यांनी चपलांकडे बघितलं. मग शेडच्या पत्र्याकडे बघितलं. शेवटी हळूच म्हणाले, "साधारण... माझ्याएवढी."

मी हसलो नाही, एवढं बरं केलं. स्टँडला पाठ हवी का, हात हवेत का, असं सगळं आम्ही दोघं कुंडीच्याच नावानं ठरवत गेलो. खुर्ची केली, त्यांनी नेली आणि आठवड्याभरात परत आणली. फक्त भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं. तिथे मीही बोट ठेवलं. लाकडाचं बारीकसं कुसळ वर आलं होतं. शिवाय भोक मी कंपासनं अगदी गोल काढलं होतं, आणि माणूस काही कंपासनं काढलेला नसतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाळूत दाबायच्या लाकडाला मी आरशासारखी गुळगुळीत कड द्यायचो, आणि माणसाच्या उघड्या अंगाला लागणारी कड तशीच सोडून दिली होती. का, तर असल्या खुर्चीला काय बघायचं, असं मनात कुठेतरी होतं.

तेव्हापासून पद्धत बदलली. जुन्या दारांचं सागवान घ्यायचं, पाण्यानं फुगणारा प्लाय नाही. बैठकीवर दोन खिळे ठोकायचे, त्यांना दोऱ्याचा सैल फास घालायचा आणि दोरा ताणून पेन्सिल फिरवायची. लांबट गोल निघतो. पुढच्या अंगाला तो हातानं जरा निमुळता करायचा. रेषेच्या आतल्या बाजूला ड्रिलनं भोक पाडून त्यातून पातं घालायचं आणि रेषा जेमतेम शिल्लक ठेवत सावकाश फिरायचं. मग कानस. मग पाइपच्या तुकड्याला पॉलिश पेपर गुंडाळून कड गोल करायची. शेवटी कापसाचा पुंजका कडेवरून पूर्ण फिरवायचा. एक तंतू जरी अडकला तरी पुन्हा पॉलिश पेपर घ्यायचा. देव्हाऱ्याला मी कापूस कधीच फिरवला नाही. देव काही कडेवर बसत नाहीत.

हेडमास्तरांच्या ओळखीनं दुसरे आले, त्यांच्या ओळखीनं तिसरे. सगळे फाटकाशी उभे राहून आधी दुसरंच काहीतरी बोलायचे. कुणाला चौरंग हवा असायचा, कुणाला वाचायची खुर्ची, एकानं तर कॅरमचा स्टँड सांगितला. मला फाटकावरच कळायला लागलं. माणूस आत यायच्या आधी मागे वळून रस्ता बघतो, बोलताना आवाज खाली आणतो आणि ‘स्वतःसाठी नाही’ हे न विचारता सांगतो.

मंदानं हा धंदा मान्य केला, पण अटी घालून. पहिली अट, खुर्ची उघडी बाहेर जाणार नाही. त्यासाठी तिनं एक जुनी निळ्या फुलांची चादर काढून दिली. एक सोडली तर प्रत्येक खुर्ची त्या चादरीखालून फाटकाबाहेर गेली आणि रिक्षात किंवा गाडीत चढवून झाल्यावर चादर परत आली. दुसरी अट हत्यारांची. देवाचं आणि हे एकत्र नको. जिगसॉची पाती वेगळी, कानशी वेगळ्या, पुसायची फडकीसुद्धा वेगळी. देवाच्या कानशींच्या मुठीला तिनं कुंकवाची बोटं लावली. मशीन एकच होतं, त्यावर तिनं तोडगा काढला, की पातं बदललं की मशीन ओल्या फडक्यानं पुसायचं. खंडेनवमीला मी हत्यारं मांडायचो. कुंकवाच्या कानशी, कुंकवाची पाती, मशीन. झेंडूची फुलं, हळद, नैवेद्य. दुसऱ्या हत्यारांचा पत्र्याचा डबा शेडच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेला असायचा. खरं तर जास्त निगुतीचं काम तीच करायची. मला ते खटकायचं, पण पूजेच्या दिवशी कुठे वाद घाला, म्हणून मांडलेल्यांनाच फुलं वाहायचो.

मखमलाबादकडची एक बाई आली होती, सासूसाठी खुर्ची करून घ्यायला. त्यांचा फुलांचा मळा. खुर्ची बघून म्हणाली, "काका, पाठीला एक फूल कोरा ना. आमच्या आत्याबाईंनी जन्मभर फुलं विकली. तिथं बसायची त्यांना लाज वाटते. फूल बघून जरा बरं वाटेल."

मी म्हणालो, "पानंफुलं देव्हाऱ्याला, ताई. याला नाही."

"का हो? फुलानं काय केलंय?"

फूल कोरायचं पातं कुंकवाचं आहे, असं काय सांगणार होतो? ती साधी खुर्ची घेऊन गेली. आजही एखादं फूल कोरताना त्या न बघितलेल्या आत्याबाई डोळ्यांसमोर येतात.

लाज नसलेलं गिऱ्हाईक मला एकच भेटलं. पेठकडचे एक बाबा, मुलीकडे चार दिवस राहायला आले होते. खुर्ची घ्यायला एकटेच आले. मी चादर घालायला लागलो तर म्हणाले, "थंडी वाजतीय का तिला?" खुर्ची डोक्यावर घेतली आणि गेले. नंतर मी काही कामानं एसटी स्टँडवर गेलो होतो, तर गर्दीत पेठच्या गाडीची वाट बघत बाबा त्याच खुर्चीवर ऐसपैस बसलेले. मला बघून हात केला. "बरी हाय हो, बस येईस्तोवर बसायला बी बरी हाय!" आजूबाजूची माणसं बघत होती. मी ओळख न दाखवता पलीकडच्या फलाटाकडे वळलो.

आता मंदाचं सांगतो. तिचे गुडघे गेल्या दोन वर्षांत फारच बिघडले. आमच्या घरातला संडास मागच्या बाजूला, अरुंद आणि देशी. तिथून उठताना ती नळाला धरते, कडीला धरते, आणि बाहेर आली की घामानं ओली झालेली असते. मी म्हटलं, इंग्लिश बसवून घेऊ. ती म्हणाली, गवंडी येणार, फोडाफोडी होणार, समोरच्या म्हणणार, मंदाताईंचे एवढे हाल झाले का. मग मी तिला न सांगता खुर्ची केली. ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसायची तेव्हा नजरेनंच गुडघ्याचं माप घेतलं. आजवर केलेल्या सगळ्या खुर्च्यांत ती सगळ्यात चांगली झाली. एका जुन्या दिंडीदरवाजाचं सागवान, हाताला थंड न लागणारं. कापूस तर मी इतक्यांदा फिरवला की पुंजका झिजला. तिला शेडमध्ये नेऊन दाखवली. तिनं बघितली आणि म्हणाली, "छान झालीय. कुणाची आहे त्यांना देऊन टाका."

"तुझी आहे."

"माझी नाही," ती म्हणाली आणि आत निघून गेली. खुर्ची चादरीखाली शेडमध्येच राहिली.

त्यानंतर तिला लघवीचा त्रास सुरू झाला. जळजळ, ताप. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं की पाणी भरपूर प्या, असं पुन्हा पुन्हा झालं तर मूत्रपिंडावर जाईल. तिनं मान हलवली. ताप उतरला आणि पुन्हा आला. पाणी पीत जा, असं मी येताजाता म्हणायचो आणि ती ‘पितेय हो’ म्हणायची. फाटकावरच्या परक्या माणसाच्या मनातलं ओळखणारा मी, माझ्या घरातला तांब्या सकाळी भरलेला संध्याकाळी तसाच असतो, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

अशात विहीणबाई आल्या. आमची सोनल पिंपळगाव बसवंतला दिली आहे. द्राक्षबागा, द्राक्षं पेट्यांत भरायचं पॅकहाऊस, घरात सदा वीस माणसांची ऊठबस. सोनलच्या सासूबाई कौसल्याबाई म्हणजे त्या सगळ्याचा खांब. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नाशकात होतं. दुसऱ्या दिवशी आणि मग आठवड्यानं तपासणी होती, म्हणून मधले दिवस आमच्याकडे राहा, असं मंदानंच आग्रहानं सांगितलं. डोळ्यावर काळा चष्मा लावून त्या आल्या. वाकायचं नाही, जोर करायचा नाही, वजन उचलायचं नाही, असं त्यांना सांगून ठेवलं होतं.

आल्या आल्या त्यांनी शेड बघितली. भोकातून निघालेले सागवानी लांबट गोल मी कधी फेकत नाही. गिऱ्हाईक नेत नाही, मंदा घरात येऊ देत नाही, पण इतकं सुंदर लाकूड जाळवत नाही. ते शेडमध्ये एकावर एक रचलेले असतात. विहीणबाईंनी एक उचलून उजेडात धरला. "भाऊ, पाट लय भारी हायेत की. कसले हे?"

मी म्हणालो, "असेच. पाट."

"दोन मला द्या. महालक्ष्म्या बसवायला. मागल्या साली आमच्या पाटाला कीड लागली."

दारात मंदा उभी होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो. महालक्ष्म्या त्याच्यावर! कुंकू नसलेल्या पात्यानं, कशातून कापलेल्या लाकडावर! नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार होतं, आणि हो म्हणायचं तर देवींना तिथे बसवणार. स्वयंपाकघरात तिनं मला गाठलं. "काहीतरी करा. पॉलिश राहिलंय म्हणा. मोडलेत म्हणा." मी म्हणालो, सांगून टाकूया. ती म्हणाली, "सोनलच्या सासूला सांगायचं? सोनलला जन्मभर त्या घरात राहायचंय." सांगायची माझीही छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशीची तपासणी करून आलो त्या दुपारी चहा मी केला, कारण मंदाला ओट्याशी उभं राहवत नाही. दोघी बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. मी कप पुढे केला.

"नको भाऊ," विहीणबाई म्हणाल्या. "चहानं पित्त होतं मला."

मी दुसरा कप मंदापुढे धरला. "मलाही नको. मघाशीच घेतला."

तिनं घेतला नव्हता. आणि कौसल्याबाईंना चहानं पित्त? सोनलच्या लग्नात त्यांनी मांडवात बशीनं सलग तीन चहा प्यायलेले मी या डोळ्यांनी बघितलेत. मी कप टीपॉयवर ठेवले आणि बसलो. दोघी पंख्याकडे बघत होत्या. चहावर साय धरली. विहीणबाईंचे ओठ कोरडे पडले होते. मंदाचेही. आणि मला एकदम माझ्या फाटकावर उभी राहणारी सगळी माणसं आठवली. तोच खाली आणलेला आवाज, तेच न विचारता दिलेलं कारण. माझ्याच घरात, माझ्याच समोर, दोन बायका तहानेल्या बसल्या होत्या आणि एकमेकींची लाज राखत होत्या.

मला माझी इतकी शरम वाटली की तिथे बसवेना. शेडमध्ये जाऊन उभा राहिलो. काय करावं ते कळत होतं, पण बोलायचं कसं? विहिणीसमोर आपण पाय पसरून बसत नाही, मोठ्यानं हसत नाही, आणि मी जाऊन विचारू की तुमची बसायची अडचण होते का? सोनलनं ऐकलं तर ती माहेरी पाऊल टाकणार नाही. शेवटी न बोलता येणारा माणूस जे करतो ते मी केलं. खुर्ची चादरीसकट उचलली आणि दोघींच्या मध्ये आणून ठेवली.

मंदाचा चेहरा लाल झाला. "अहो, हे काय? आत न्या ते!"

"काय आणलं?" विहीणबाईंनी विचारलं.

"काही नाही," मंदा घाईनं म्हणाली. "देवाचं सामान आहे."

विहीणबाई भिंतीला धरून उठल्या. मला वाटलं होतं की चादर मी काढीन, निदान तेवढं तरी माझ्या हातून होईल. पण माझा हात पुढे झालाच नाही. ती त्यांनी काढली. काळ्या चष्म्यातून खुर्चीकडे बघत राहिल्या, मग परत खाली बसून भोकाच्या कडेवरून पूर्ण गोल बोट फिरवलं.

"ते पाट यातलेच का?"

मंदाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "विहीणबाई, मी सांगणार होते. महालक्ष्म्यांना नाही चालायचे हो ते. माझ्या तोंडातून निघेना..."

"पाट ऱ्हाऊ द्या, पॅकहाऊसच्या बायांना बसायला होतील," विहीणबाई म्हणाल्या. "भाऊ, आधी ही जागेवर नेऊन ठेवा. काल दुपारपासून मी पाण्याला शिवले नाय. डॉक्टर म्हनतो वाकू नको, जोर करू नको. म्हनलं, आता ईनबाईला हे कोन्या तोंडानं सांगावं? रातभर देवाचं नाव घेतलं."

मी खुर्ची मागे नेऊन ठेवली. माप मंदासाठी घेतलेलं, त्यामुळे ती त्या जागेत अशी बसली की दार लावायलाही अडचण नव्हती. मी परत येईपर्यंत विहीणबाई मंदाजवळ जाऊन बसल्या होत्या.

"अन् ईनबाई, तुम्ही का चहा घेईनात?"

मंदा पदरानं तोंड पुसत राहिली. मी थंड चहाचे कप उचलले आणि आत गेलो. ओट्याशी उभं राहून नळ सोडला, कारण मला रडू येत होतं आणि ते बाहेर ऐकू जायला नको होतं.

पुढचे दिवस मी काही विचारलं नाही. तांब्या मात्र दुपारीच रिकामा व्हायला लागला. दूध संध्याकाळपर्यंत पुरेना. दोघी बाहेरच्या ओट्यावर पायरीला पाय टेकून बसायच्या, सोनलच्या आणि जगाच्या चुका काढायच्या, आणि मध्येच मला हाक यायची, "अहो, अर्धा अर्धा कप टाका." मी टाकायचो. खुर्ची माझ्या हातची होती, पण मंदाची खरी अडचण सोडवली होती पिंपळगावच्या एका बाईनं, चादरीचं एक टोक धरून ओढून. माझ्या हातात ती चादर इतकी वर्षं होती.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांच्या पॅकहाऊसचा टेम्पो आला. ड्रायव्हरनं पिशव्या ठेवल्या. विहीणबाई त्याला म्हणाल्या, "मागं एक खुर्ची हाय, ती बी आन." तो गेला आणि खुर्ची डोक्यावर घेऊन आला. समोरच्या गच्चीवर दोघीजणी कपडे वाळत घालत होत्या. शेजारचे गाडी पुसत होते. खुर्ची टेम्पोत चढली, भोक आभाळाकडे करून. सगळ्यांचे हात थांबले. आणि मी, इतकं सगळं होऊनही, धावत आत गेलो आणि निळ्या फुलांची चादर घेऊन आलो.

मी फाटकाशी पोचलो तेव्हा मंदा ओट्यावर ग्रिलला धरून उभी होती.

"दादा," ती ड्रायव्हरला म्हणाली, आणि तिचा आवाज समोरच्या गच्चीपर्यंत सहज गेला. "ती खुर्ची खाली घ्या. ती माझी आहे. विहीणबाईंना हे दुसरी करून देतील."

"लवकर करा भाऊ," टेम्पोच्या खिडकीतून विहीणबाई हसत म्हणाल्या. "पाठीला येखादं फूल काढा. अन् तवर मी काय चहा प्यायची नाय."

ड्रायव्हरनं खुर्ची उतरवून ओट्यावर ठेवली. गुडघे दुखत होते म्हणून मंदा तिच्यावर बसली आणि टेम्पो वळेपर्यंत हात हलवत राहिली. समोरच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं, "मंदाताई, कुठून आणली हो?" तिनं हात माझ्याकडे केला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चादर हातात घेऊन फाटकात उभा होतो, आणि ती कुठे ठेवावी ते मला कळेना.